तोतलाडोहात पाणी किती, हे आकाशातून कसं कळतं?

उन्हाळा लागला की नागपुरात एकच आकडा विचारला जातो: तोतलाडोहात किती टक्के? २०१९ मध्ये धरण मृतसाठ्यात, म्हणजे नेहमीच्या दारांतून सोडता न येणाऱ्या तळच्या पाण्यावर, गेलं आणि जुलैत शहराला दिवसाआड पाणी आलं, तेव्हापासून तर जास्तच. हा टक्का येतो तक्त्यातून. भिंतीजवळची पातळी वाचायची आणि त्या पातळीला किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी, ते तक्त्यात पाहायचं. मूळ तक्ता धरण भरण्याआधीच्या जमिनीचा असतो. पुढे गाळ साचतो, आणि तक्ता नवा केला नाही तर कागदावरचं पाणी धरणात नसतं.

पूर्वी तळ मोजायचा तर होडी आणि दोर, नंतर ध्वनिलहरींचं यंत्र. हे अचूक, पण वेळखाऊ आणि खर्चिक.

आकाशातून खोली मोजण्याचा गाजलेला प्रयोग १९७५ चा. नासाने लँडसॅट उपग्रहाची चित्रं घेतली आणि समुद्रसंशोधक जाक कूस्तो आपलं 'कॅलिप्सो' जहाज घेऊन बहामाच्या समुद्रात उतरले. पाणी नितळ आणि तळ उजळ असेल तर २२ मीटरपर्यंतची खोली चित्रावरून सांगता येते, असं दिसलं. पाणी जितकं खोल, तितका तळावरून परतणारा प्रकाश कमी. १९७८ मध्ये डेव्हिड लायझेंगा यांनी याचं गणित मांडलं.

पण तोतलाडोह ज्या पेंच नदीवर आहे, तिचं पाणी म्हणजे बहामाचं नव्हे. पावसाळ्यात ते मातकट होतं आणि तळ दिसतच नाही. म्हणून धरणांसाठी दुसरी वाट रुळली, आणि मला तीच जास्त हुशारीची वाटते: तळ सोडा, काठ पाहा. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेतं, त्यामुळे चित्रात जलाशय काळा आणि काठ स्पष्ट दिसतो. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत पाणी उतरत जातं तशी एकामागून एक चित्रं घ्यायची. प्रत्येक चित्रातला काठ म्हणजे त्या दिवशीच्या पातळीची समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. दोन रेषांच्या मधलं घनफळ काढून जुन्या तक्त्याशी ताडलं की जो फरक उरतो, तो गाळ.

भारताचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, मार्च १९८८ मध्ये उडाला. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही त्याच वर्षी नागपुरात सुरू झालं. त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, जमिनीवर सुमारे ७२ मीटरचा होता. उथळ काठावर एवढ्यात बरंच पाणी हरवतं. आता युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा आहे. ढगांतून पाहायला रडार आलं, आणि २०१८ पासून नासाच्या आइससॅट-२ उपग्रहाचा हिरवा लेझर पाण्याची पातळीच मोजतो.

एक अडचण राहतेच: पाणी जिथवर उतरतं तिथवरच जमीन दिसते, त्याखाली अजून होडीच लागते. म्हणूनच २०१९ च्या उन्हाळ्यातली चित्रं मोलाची. सेंटिनेलच्या संग्रहात ती फुकट मिळतात. तोतलाडोहचा तक्ता तपासायला बसेल त्याने तिथून सुरुवात करावी.