१५ टक्क्यांची अट: अमेरिकेतला लिबर्टेरियन उमेदवार आणि चाचण्यांचे आकडे

लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणाऱ्या पक्षाच्या उमेदवाराला यंदा अध्यक्षपदाची किती संधी, ही चर्चा अमेरिकेत दर चार वर्षांनी होते. १९७१ साली कोलोरॅडोत स्थापन झालेल्या या पक्षाने १९८० साली १ टक्का मतांचा आकडा जेमतेम ओलांडला आणि पुढची तीनेक दशकं तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहिला. वादाला खरी धार आली २०१६ साली.

त्या वर्षी दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार मतदारांना कमालीचे नकोसे होते. लिबर्टेरियन पक्षाने न्यू मेक्सिकोच्या माजी गव्हर्नरांना उभं केलं, जोडीला उपाध्यक्षपदासाठी मॅसेच्युसेट्सचे माजी गव्हर्नर. उन्हाळ्यातल्या जनमत चाचण्यांत त्यांना ८-९ टक्के पाठिंबा दिसत होता. मग अडथळा आला तो टीव्हीवरच्या अध्यक्षीय वादचर्चांचा. पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी १५ टक्के असेल तरच मंचावर जागा, असा नियम होता. सप्टेंबरमध्ये सरासरी निघाली ८.४ आणि दार बंद झालं.

हा १५ चा आकडा आला कुठून? १९८० साली वादचर्चा भरवणाऱ्या महिला मतदारांच्या संघटनेने तो प्रथम वापरला. त्या वर्षीचा अपक्ष उमेदवार अट पूर्ण करून पहिल्या चर्चेला आला, तर विद्यमान अध्यक्षांनीच पाठ फिरवली. पुढे त्याचा पाठिंबा घसरला आणि दुसऱ्या चर्चेतून तो बाहेर गेला. १९८७ साली दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून वादचर्चा भरवण्यासाठी नवा आयोग काढला. ज्यांना स्पर्धक नको, त्यांनीच प्रवेशाचे नियम करणारी संस्था उभारली, ही बाब माझ्या मते अजूनही पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. १९९२ साली टेक्ससच्या अब्जाधीश अपक्षाला आयोगाने चर्चेत घेतलं. तेव्हा त्याचा पाठिंबा १० टक्क्यांच्याही खाली होता. मतदानात त्याने जवळपास १९ टक्के मिळवले. १९९६ साली त्याच माणसाला ‘जिंकण्याची वास्तविक शक्यता नाही’ म्हणून वगळलं. त्यावर गदारोळ झाला आणि २००० च्या निवडणुकीपासून आयोगाच्या स्वतःच्या अंदाजाऐवजी १५ टक्क्यांची अट आली. ती १९९२ साली असती, तर त्या उमेदवाराला मंच मिळालाच नसता.

आता चाचण्यांविषयी. हजारभर लोकांच्या नमुन्यात साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होणं गृहीतच असतं. शिवाय अनेक चाचण्या आधी दोघांचीच नावं विचारतात आणि तिसरा नंतर येतो. उत्तर प्रश्नाच्या मांडणीवर हलतं. दुसरीकडे, उन्हाळ्यात तिसऱ्या उमेदवाराचं नाव घेणारे अनेक जण नोव्हेंबरमध्ये ‘मत वाया जाईल’ म्हणून माघारी फिरतात. २०१६ चं ८.४ प्रत्यक्षात ३.३ वर आलं. पक्षाच्या इतिहासातला हा उच्चांक खरा, पण सरकारी निधीसाठी लागणाऱ्या ५ टक्क्यांच्याही खालचा. म्हणजे सप्टेंबरची चाचणी नोव्हेंबरचं भाकीत म्हणून कच्चीच होती, तरीही प्रवेशाचा निर्णय तिच्यावर सोपवला गेला. अशा आकड्यावर मंच नाकारणं मला अन्यायाचं वाटतं, कारण मंचाशिवाय ओळख नाही आणि ओळखीशिवाय चाचणीत टक्के नाहीत.

मिनेसोटात १९९८ साली याच्या उलट घडलं होतं. गव्हर्नरपदाच्या चर्चांत तिसऱ्या उमेदवारालाही बोलावलं गेलं. सुरुवातीला १० टक्क्यांच्या आसपास असलेला तो माजी कुस्तीगीर ३७ टक्के घेऊन निवडून आला.

२०२० साली पक्षाची मतं १.२ टक्क्यांवर घसरली. चाचण्यांचा अंदाज अमेरिकेबाहेरही चुकला. २०२३ साली अर्जेंटिनात स्वतःला लिबर्टेरियन म्हणवणाऱ्या अर्थतज्ज्ञाला बहुतेक चाचण्यांनी ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत तिसरा धरलं होतं. तो सुमारे ३० टक्के घेऊन पहिला आला. ऑक्टोबरच्या मुख्य फेरीत अनेक चाचण्या त्याला पहिला सांगत असताना तो दुसरा आला आणि नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जवळपास ५६ टक्क्यांनी जिंकला. तिथे मात्र अध्यक्षपदाच्या वादचर्चा कायद्यानेच सक्तीच्या आहेत आणि प्राथमिक फेरी पार केलेल्या प्रत्येक उमेदवाराला त्यांत जागा मिळते. अमेरिकेत २०२४ साली दोन्ही मोठे पक्ष आयोगाला वगळून थेट वाहिन्यांकडे गेले. जूनच्या पहिल्या चर्चेसाठी वाहिनीने चार चाचण्यांत १५ टक्क्यांची अट ठेवली. लिबर्टेरियन उमेदवाराला त्या वर्षी अर्धा टक्काही मतं पडली नाहीत.