महापुरात नळ कोरडा का पडतो?

2019च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी 43 फूट. गल्ल्यांत पाणीच पाणी, नळाला मात्र थेंब नाही, कारण शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडीची उपसा केंद्रं बुडाली होती. 2021च्या जुलैत पुन्हा तेच झालं.

जॅकवेलमध्ये, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीत, पंप खाली पाण्यात असतो आणि लांब शाफ्टने त्याला फिरवणारी मोटर वरच्या मजल्यावर. पंप बुडाला तर काहीच बिघडत नाही. पण गढूळ पाणी मोटरच्या वाइंडिंगमध्ये (तारेच्या गुंडाळ्यांत) आणि शेजारच्या विजेच्या पॅनेलमध्ये शिरलं, की पूर ओसरल्यावर नुसतं बटण दाबून भागत नाही. मोटर उतरवायची, गाळ धुवायचा, गरम हवेवर सुकवायची, मेगर हे मापक लावून तारांवरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं आणि मगच वीज सोडायची. यात दिवस जातात.

त्याहून मोठा धोका जमिनीखाली असतो. उपसा चालू असताना पाइपात दाब असतो. गळकी जागा असली तरी पाणी बाहेर पडतं. उपसा थांबला की दाब जातो आणि त्याच भेगेतून गटारमिश्रित पुराचं पाणी आत शिरतं. म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर आधी पाइप धुऊन काढावे लागतात, क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. इथे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी हवी. दमट खोलीत पडून राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पाण्यात क्लोरीन उरलाय का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टमध्ये शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं नाही, तर ते उकळूनच प्यावं.

पूर नसतानाही हीच गत होते. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले आणि विजेवरच्या नळयोजना बंद पडल्या. कोल्हापूरला आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी येतं. पाण्याचा दुसरा उद्भव (स्रोत) मिळाला हे फार चांगलं झालं, पण तिथला उपसाही विजेवरच चालतो.

माझ्या मते पहिला खर्च मोटर, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर उंचावर नेण्यावर व्हावा. ही उंची धोका पातळीवरून ठरवून चालणार नाही. आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची रेघ धरायची आणि त्याच्याही वर काही फूट जायचं. त्यानंतर जनरेटर, आणि त्याचं डिझेलही त्याच उंचीवर. शिवाय प्रत्येक भागाला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा, म्हणजे बुडालेला भाग तोडून बाकीच्या गावाला पाणी देता येतं. हे व्हॉल्व्ह गंजून अडकलेत का, ते मे महिन्यातच फिरवून पाहायला हवं.