सीमाभागातील मराठी वाचक आणि आरोग्याची ऑनलाइन बातमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणूस आज आरोग्याची शंका आली की मोबाइलवर मराठी बातमी शोधतो. या सवयीचे मूळ मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीचे आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी दवाखान्याचा कारभार हळूहळू कन्नडमध्ये चालू लागला, वाचन मात्र मराठीच राहिले. साथीची खबर असो वा तपासणी शिबिराची सूचना, ती 1919 पासून बेळगावातून निघणाऱ्या ‘तरुण भारत’मधून आणि कोल्हापूरकडच्या दैनिकांतून घरी पोहोचत असे. (बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका परिसराला आजही व्हॅक्सिन डेपो म्हणतात, कारण तेथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे, आरोग्याची बातमी या शहराला नवी नाही.)

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि वाचक संकेतस्थळांकडे व व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या बातम्यांच्या दुव्यांकडे वळला. खरा बदल येथे झाला, असे मला वाटते. स्थानिक आवृत्तीच्या बातमीदाराला आपला वाचक कोणत्या राज्याच्या नियमाखाली येतो हे पक्के ठाऊक असे. मुंबई-पुण्याच्या संकेतस्थळावरील बातमी महाराष्ट्रातील वाचक समोर धरूनच लिहिलेली असते.

कोरोनाकाळात हे अंतर महागात पडू लागले. फेब्रुवारी 2021 मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला आणि निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर वाहने अडवली जाऊ लागली. कोल्हापुरात नोकरी किंवा उपचार असलेल्या निपाणीकराला त्यामुळे दोन्ही राज्यांचे आदेश रोज पाहावे लागत, आणि त्यांतला त्याच्यावर लागू होणारा आदेश बहुधा त्याच्या वाचनाच्या भाषेत नसे.

2023 मध्ये महाराष्ट्राने रुग्णालयातील मोफत उपचारांची आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. ऑनलाइन बातम्यांत दोन सरकारांमधील वादालाच अधिक जागा मिळाली. दाखला कोणता लागतो आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, हे विचारायला खानापूरच्या रुग्णाचे नातेवाईक ओळखीच्या कार्यकर्त्याकडेच जात राहिले.