पुराची खूण आणि पुलाची उंची

नदीवरचा नवा पूल किती उंच बांधायचा, याचा हिशेब एका आकड्यापासून सुरू होतो: त्या जागी पाणी आजवर सर्वांत जास्त कुठवर चढलं होतं? भारतीय रस्ते काँग्रेस ही 1934 पासून देशातल्या रस्ते-पुलांचे मानदंड ठरवणारी संस्था. तिच्या नियमपुस्तिकांत हा आकडा शोधायची रीतही दिलेली आहे. जवळच्या गावांत चौकशी करा, घरांवर आणि झाडांवर राहिलेल्या पुराच्या खुणा बघा, असं त्यात सांगितलंय. म्हणजे पुलाच्या बाबतीत गावाला विचारणं हा कुणाचा मोठेपणा नव्हे, तो नियमच आहे.

बेळगाव जिल्ह्यात अशा खुणांना तोटा नाही. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा यांच्या काठच्या गावांत 2005, 2019 आणि 2021 ची पाणी पातळी लोकांना पाठ आहे. कुठे देवळाच्या भिंतीवर रंगाची रेघ मारलेली असते, कुठे घराच्या गिलाव्यावर ओलीचा पट्टा राहिलेला असतो. अडचण वेगळीच आहे. ग्रामपंचायतीचा ठराव निघतो तो साधारण असा: ‘पूल जुना व धोकादायक झाला असून नवीन पूल मंजूर करावा ही विनंती.’ या वाक्यातून अभियंत्याच्या हाती काहीही लागत नाही. पूल जुना आहे हे त्यालाही दिसतं. त्याला हवी असते ती माहिती गावात पडून असते आणि ठरावात येत नाही.

सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला गावकरी सांगतात, ‘साहेब, हितं छातीभर पाणी होतं बघा.’ छाती कुणाची आणि जमीन कुठली, हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. पण तीच खूण लेव्हल मशीन लावून समुद्रसपाटीपासून मोजली, म्हणजे तिची ‘आरएल’ काढली, की तिचं मोल एकदम वाढतं. शिवाय खूण एकच असून भागत नाही. नदीच्या वरच्या अंगाला दोन, पुलाजवळ दोन आणि खालच्या अंगाला दोन अशा खुणा मिळाल्या, तर पुराच्या दिवशी पाण्याचा उतार किती होता ते काढता येतं. उतार, पात्राचा आडवा छेद आणि काठाचा खडबडीतपणा या तिन्हींवरून त्या दिवशी किती पाणी वाहत होतं याचा अंदाज बांधता येतो. खडबडीतपणा इथे महत्त्वाचा. मोकळ्या वाळूवरून पाणी सरळ निघून जातं, काठावर उभा ऊस असला की अडखळतं. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा आपल्याकडे काठाच्या मळीत, म्हणजे गाळाच्या रानात, ऊस उभाच असतो. उन्हाळ्यात पाहणीला आलेल्या माणसाला हे आपणहून सुचेलच असं नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग मोठ्या पुलांच्या अहवालात हमखास असतो आणि हमखास चुकीचा समजला जातो. त्याचा अर्थ असा की दर वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता 1 टक्का आहे. आज येऊन गेला म्हणून पुढची 99 वर्षं सुट्टी, असं नाही. पूल शंभर वर्षं टिकणार असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता 63 टक्के भरते. आणि हा आकडासुद्धा जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. नोंदी थांबतात 2004 ला, आणि खरे मोठे पूर आले त्यानंतर, असं झालं की सगळंच गणित लंगडं पडतं.

आता भरावाकडे येऊ. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी पहिली मागणी होते ती रस्ता उंच करायची. रस्ता उंच करायचा स्वस्त मार्ग म्हणजे मातीचा भराव. पण पूरमैदानातून जाणारा उंच भराव नदीला आडवा पडतो. पात्राबाहेर पसरून संथ वाहणारं पाणी मग पुलाच्या गाळ्यांतूनच जायला बघतं, आणि वाट अपुरी पडली की वरच्या अंगाला तुंबतं. याला अभियंते फुगवटा म्हणतात. तो काढायचं मोल्सवर्थ नावाचं एक जुनं, ढोबळ सूत्र आहे. पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला आणि पाण्याची एक तृतीयांश वाट भराव-खांबांनी अडवली, तर फुगवटा येतो सुमारे 30 सेंटिमीटर. निम्मी वाट अडवली तर तो 70 सेंटिमीटरच्या वर जातो. म्हणजे अडथळा दीडपट, फुगवटा दुपटीहून जास्त.

सत्तर सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. निपाणी-चिकोडी भागातल्या सपाट काळ्या रानात तेवढी पातळी चढली की पाणी किती शेतांत आडवं पसरतं, ते तिथल्या शेतकऱ्याला विचारावं. म्हणून कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंनी ‘भराव नको, खांबांवरचा पूल द्या’ अशी जी मागणी होते, ती मला आडमुठी वाटत नाही. तिच्यामागे पाण्याचं साधं शास्त्र आहे. फक्त ती ‘आमची शेती बुडते’ एवढ्यावर थांबली तर समोरून ‘भरपाई घ्या’ असं उत्तर येतं. त्याच पुरात पुलाच्या वरच्या अंगाची खूण आणि खालच्या अंगाची खूण यांच्या उंचीत किती फरक होता, हे मोजून दाखवलं तर ते उत्तर पुरत नाही. फुगवटा तिथे उघड दिसतो.

आपल्याकडच्या बंधाऱ्यांचं गणित याहून वेगळं. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड यांसारखे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि गावांचा संपर्क तुटतो. हे बंधारे बुडण्याच्या हिशेबानंच बांधलेले असतात. त्यांचं मुख्य काम बरगे, म्हणजे खांबांमधल्या काढ-घाल करायच्या फळ्या, घालून उन्हाळ्यासाठी पाणी अडवणं, वरचा रस्ता हे जोडकाम. खांब जवळजवळ असल्यानं त्यांत केंदाळ, पाचट, वाहून आलेली बाभळ अडकते आणि वाट आणखी आवळते. तिथे बंधाऱ्याचीच उंची वाढवून मागण्यापेक्षा रस्त्याचा उंच पूल वेगळा मागणं शहाणपणाचं.

पुलाच्या तळाशी काय चालतं, हा सगळ्यांत कमी दिसणारा आणि सगळ्यांत घातक भाग. वाहत्या पाण्यात अनवाणी उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकत जाते. खांबाच्या पायाशी हेच होतं. समोरून येणारं पाणी खांबावर आपटून खाली वळतं, तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो आणि तो वाळू उकरून काढतो. ही खोदाई किती खोल जाईल ते काढायला ब्रिटिश काळात कालव्यांवरच्या अभ्यासातून आलेलं लेसीचं सूत्र अजून वापरात आहे. समजा, पुरात सेकंदाला 1,500 घनमीटर पाणी आहे, आपल्या क्युसेकच्या भाषेत सुमारे 53 हजार. जाड वाळूच्या पात्रावर 150 मीटर रुंद वाट ठेवली तर खांबाजवळची खोदाई पुराच्या पातळीपासून सुमारे 11 मीटर खोल जाते. खर्च वाचवायला वाट 100 मीटर केली की तीच 14 मीटरच्या पुढे जाते. पाया कातळात असेल तर हा हिशेब लागू नाही. वाळू-मुरुमात असेल तर पूल आखूड करून वाचवलेला पैसा पाया खोल नेण्यात घालावा लागतो, किंवा पुढे कधीतरी पूलच जातो.

यातली फसवी गोष्ट अशी की पूर ओसरू लागला की वरून आलेला गाळ तो खड्डा पुन्हा भरून टाकतो. डिसेंबरात पाहणी करणाऱ्याला पायाभोवती सपाट, शांत वाळू दिसते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारनंच नंतर सांगितलं. मे महिन्यात डोळ्यांनी केलेल्या तपासणीत ऑगस्टमधला तळ दिसत नाही.

मग तळाची खबर कुणाकडे असते? नदीत मोटार टाकून शेती करणाऱ्यांकडे. जूनमध्ये मोटारी काढायच्या, पाणी उतरलं की पुन्हा बसवायच्या, हा त्यांचा दरसालचा उद्योग. पात्र कोणत्या काठाकडे सरकतंय, कुठला डोह नवा झालाय, जॅकवेलच्या (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीच्या) तोंडाशी गाळ कधीपासून साचतोय, हे त्यांना माहीत असतं. वाळूचा उपसा कुठे आणि किती झालाय, तेही सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त कुणी लिहून देत नाही. पुलाच्या खालच्या अंगाला पात्र उपसून खोल केलं की वरचा तळही हळूहळू खचत जातो आणि पाया उघडा पडतो. ठरावात घालायची सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गरजेची ओळ बहुधा हीच.

बांधकामाच्या वयाबद्दल थोडक्यात. काँक्रीटमधल्या सळईला गंज चढत नाही, कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपला की ते संरक्षण जातं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. पुलाखाली उभं राहून वर पाहिलं की तांबूस ओघळ, सुटलेले पापुद्रे, सांध्यातून उगवलेला पिंपळ दिसतो. वरून जाताना उसाची डबल ट्रॉली सांध्यावर धाडकन आपटते, तिथे सांधा उखडलेला असतो आणि त्यातलं पाणी खाली बेअरिंगवर, म्हणजे खांब आणि तुळई यांच्यामधल्या टेकूवर, गळत असतं. त्यात 2018 मध्ये केंद्रानं मालवाहू गाड्यांच्या एका आसाचा परवानगी असलेला भार 10.2 वरून 11.5 टन केला. जुने पूल हा भार डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले नव्हते. गाळपाच्या हंगामात कुठल्या पुलावरून रोज किती ट्रॉल्या जातात, हे कारखान्याच्या गेटवरच्या नोंदीत असतं. ते मागून घेणं पंचायतीला अवघड नाही.

हे सगळं सांगायचं कुणाला आणि कधी, हा मात्र डोकेदुखीचा विषय. महामार्ग केंद्राकडे, जिल्ह्याचे रस्ते राज्याकडे, बंधारे पाटबंधारे खात्याकडे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली आणि नंतर कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. त्यामुळे गावाच्या वतीनं बोलायला ग्रामपंचायत तेवढी उरली. महामार्गासाठी जमीन घेताना 1956 च्या कायद्यानुसार दोन स्थानिक वृत्तपत्रांत सूचना छापावी लागते, त्यांतलं एक प्रादेशिक भाषेतलं. हरकतीला मुदत 21 दिवस. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचं धोरण 1956 पासूनचंच आहे. ते इथे किती पाळलं जातं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तसंही जमिनीची सूचना निघेपर्यंत पुलाची जागा, लांबी आणि उंची जवळपास ठरलेली असते. म्हणून बोलायचं ते त्याआधी, सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणजे डीपीआर तयार होत असताना. सर्वेक्षणाची माणसं रानात खुंट्या ठोकताना दिसली की समजायचं, वेळ आली.

आणि एक प्रश्न पंचायतीनं लेखी विचारायलाच हवा: जुन्या पुलाचं काय करणार? आपल्याकडे पूल बदलणं म्हणजे बऱ्याचदा शेजारी नवा बांधणं आणि जुन्यावरून एका बाजूची वाहतूक चालूच ठेवणं. सावित्रीवर असंच होतं, शेजारी नवा पूल उभा असताना जुना वापरात होता. कारवारजवळ काळी नदीवर 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर कोसळला तोही चाळिशी उलटलेला जुना पूल, आणि त्याच्याही शेजारी नवा पूल होता. एक ट्रक नदीत गेला, चालक सुदैवानं वाचला. गावातही जुना पूल पाडायला विरोध असतो. बैलगाड्यांना, शाळेच्या पोरांना राहू दे की, असं म्हणतात. पण जुने खांब तसेच राहिले आणि नव्या खांबांच्या रेषेत नसले, तर पुरात दोन्ही मिळून पाणी तुंबवतात आणि जुन्यांना वळसा घालून आलेला प्रवाह नव्यांच्या पायाशी तिरका आदळतो. तेव्हा नवा सुरू होईपर्यंत जुना ठेवा, पर्यायी रस्ता पावसाळ्यात टिकेल असा करा, नव्यावर पायी जाणाऱ्यांना वेगळी पट्टी द्या, आणि मग जुना तळापासून काढा, असं चारही गोष्टींचं म्हणणं एकाच ठरावात मांडून त्याची पोच घ्यावी.