गुच्छातल्या गोल्डन रॉडचं मूळ गाव

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भल्या सकाळी फुलबाजारात गेलात, तर गुलाब-जरबेराच्या शेजारी पिवळ्या तुऱ्यांच्या जुड्या मांडलेल्या दिसतील. हा गोल्डन रॉड. गुच्छातली मोकळी जागा भरायची एवढंच त्याचं काम, त्यामुळे त्याच्याकडे कोणी निरखून बघत नाही. मला ते फार खटकतं. म्हणून परवा एक काडी घरी आणली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि भिंग लावलं.

तुऱ्यातलं एकेक 'फूल' ज्वारीच्या दाण्याएवढं. पण तेही एक फूल नव्हेच! कडेला अरुंद पाकळीची दहा-पंधरा मादी फुलं, मध्ये चार-पाच नळीसारखी द्विलिंगी फुलं. सूर्यफूल, शेवंती आणि आपली सोनकी यांची हीच रचना, कारण कुळ एकच. अशी शेकडो फुलं फांदीच्या वरच्या बाजूलाच ओळीने बसतात आणि फांदी कमानीसारखी झुकते.

बाजारातल्या बऱ्याच जाती संकरित असतात. यातली रानटी जात म्हणजे सॉलिडॅगो कॅनडेन्सिस. हे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये दिलं. कंबरेपासून पुरुषभर उंचीपर्यंत वाढणारं खोड, भाल्यासारखी दातेरी पानं आणि पानात तळापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, ही तिची खूण. मूळ गाव पूर्व कॅनडा आणि अमेरिकेचा ईशान्य भाग. सिंहगडाच्या उतारावर भाद्रपदात सोनकी फुलते, त्याच सुमारास तिकडची माळरानं हिच्यामुळे पिवळी होतात.

नेमकी तेव्हाच तिथे शिंकांची साथ येते आणि आळ येतो हिच्यावर. तो खोटा आहे. हिचे परागकण जड आणि चिकट. ते वाऱ्यावर उडत नाहीत, मधमाश्यांच्या अंगाला चिकटून जातात. खरी दोषी रॅगवीड, तिथलंच एक तण. तिची फुलं हिरवट, नजरेत न भरणारी, पण पराग वाऱ्यावर सोडणारी. ती आपल्या गाजर गवताची अगदी जवळची नातलग आहे.

जमिनीखाली मात्र ही वनस्पती आक्रमक आहे. आडवी खोडं पसरत जातात, त्यांना कोंब फुटतात आणि एका रोपाचं दाट बेट होतं. शिवाय केसाळ पिसारा लावलेलं बी वाऱ्यावर लांब जातं. शोभेसाठी ती सतराव्या शतकात युरोपच्या बागांत आणि 1935 मध्ये चीनमध्ये नेली गेली. दोन्हीकडे ती कुंपणाबाहेर पडली आणि स्थानिक झाडोऱ्याला डोईजड झाली.

मायदेशी तिला खाणारे किडे ढीगभर आहेत. तिथल्या गोल्डन रॉडवर जगणारी एक माशी कोवळ्या खोडात अंडी घालते. अळीभोवती खोड फुगून गोटीएवढी गाठ होते. अळी अंगात ग्लिसरॉल हा थंडीपासून पेशी वाचवणारा पदार्थ साठवून शून्याखालचा हिवाळा त्या गाठीतच काढते, आणि भुकेले सुतारपक्षी गाठी टोचून तिला शोधत असतात.