रेड सेंटर (मध्य ऑस्ट्रेलिया) टूरला निघण्याआधी: वाळवंटातले पिशवीवाले प्राणी, कोण दिसेल आणि कोण आता दिसणारच नाही

ॲलिस स्प्रिंग्स-उलुरूचं बुकिंग झालं रे झालं की पहिला प्रश्न ठरलेला, कांगारू दिसणार ना? दिसणार हो. सपाटीवर लाल कांगारू, खडकाळ उतारावर युरो (हाही एक कांगारूच), दोघंही ऊन उतरलं की बाहेर पडतात आणि नेमके तेव्हाच रस्त्यावर येतात, म्हणून आपली गाडी अंधार पडल्यावर हायवेवर नसते, त्यावरून कृपया ड्रायव्हरशी वाद घालू नका.

पण "बाकीचे" दिसतील का, हे मुलं विचारतात आणि त्याचं उत्तर जरा लांब आहे म्हणून हा कागद.

बाकीचे म्हणजे छोटे. कांगारूसारखेच पोटाला पिशवी असलेले (पुस्तकात शिशुधान म्हणतात ते) पण उंदराएवढे, सशाएवढे, मांजराएवढे. मध्य ऑस्ट्रेलियात हे भरपूर होते. पिग-फूटेड बँडिकूट घ्या, पुढच्या पायावर टेकायला दोनच बोटं आणि मागच्या पायावर एकच, असा दुसरा पिशवीवाला प्राणी नाही. म्युझियममधला त्याचा शेवटचा नमुना १९०१ चा, पण पिंटुपी या तिथल्या मूळच्या लोकांमधल्या म्हाताऱ्या माणसांनी संशोधकांना सांगितलं की आम्ही हा १९५० च्या आसपासपर्यंत बघितलाय. आम्हाला विचाराल तर त्यांच्यावर जास्त विश्वास, वाळवंटात राहत तेच होते ना.

डेझर्ट रॅट-कांगारूची गोष्ट तर अजूनच चटका लावणारी. १८४३ मध्ये जॉन गूल्ड या निसर्ग-अभ्यासकाने त्याची नोंद केली आणि नंतर जवळजवळ ९० वर्षं पत्ताच नाही, सगळ्यांनी गेला म्हणून सोडून दिलं, आणि १९३१ मध्ये फिनलेसन नावाच्या संशोधकाला लेक एअर या खाऱ्या तलावाच्या पूर्वेकडच्या दगडगोट्यांच्या माळावर तो चक्क जिवंत सापडला. घोडे बदलून बदलून पाठलाग केला तरी हा एक किलोभराचा जीव सुमारे २० किलोमीटर पळाला, घोडे दमले. एवढं करून १९३५ नंतर पुन्हा खात्रीची नोंद नाहीच. छोटी बिल्बी (लांब कानांचा, बिळात राहणारा पिशवीवाला प्राणी) पण १९३१ मध्येच शेवटची जिवंत पकडलेली, पुढे १९६७ मध्ये गरुडाच्या घरट्याखाली एक कवटी मिळाली तेवढीच.

लोकांना वाटतं पाणी नाही म्हणून मेले असतील. छे! पाण्याशिवाय जगणं यांना आधीपासून जमत होतं. मारलं ते मुख्यतः मांजरांनी आणि कोल्ह्यांनी, दोन्ही युरोपियन लोकांनी आणलेले. त्यात १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेखातर सोडलेले ससे, त्यांनी चारा संपवला आणि मांजर-कोल्ह्यांना बारमाही खाणंही पुरवलं. शिवाय मूळचे लोक थोडं थोडं गवत पद्धतशीर जाळायचे ते वाळवंट सोडून वस्त्यांमध्ये गेल्यावर थांबलं आणि मग मोठे वणवे पेटायला लागले, लपायला जागा उरली नाही. १९८९ मध्ये बर्बिज आणि मॅकेन्झी या संशोधकांनी हिशोब मांडला की सगळ्यात जास्त फटका ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो वजनाच्या प्राण्यांना बसलाय. लाल कांगारू या मापाच्या बराच वर, म्हणून तो तुम्हाला दिसतो.

उरलेत त्यांच्यात मोठी बिल्बी आमची सगळ्यात लाडकी. लांब कान, गोल गोल वळत दोन मीटरपर्यंत खाली जाणारं बीळ, पाणी प्यावं लागत नाही, आणि पिशवीचं तोंड मागच्या बाजूला म्हणजे खणताना पिल्लावर माती पडत नाही. इस्टरच्या वेळी तिकडच्या दुकानात सशाऐवजी चॉकलेटची बिल्बी मिळते, दिसली तर घ्या. दुसरा मार्सुपियल मोल, म्हणजे वाळूखाली राहणारा पिशवीवाला प्राणी, अनंगू (उलुरूकडचे मूळचे लोक) त्याला इत्जारित्जारी म्हणतात, डोळे असून नसल्यासारखे, वाळूत पोहतो म्हणा ना, मागे बोगदासुद्धा उरत नाही. हा दिसेल अशी आशाच ठेवू नका, इथे जन्म काढलेल्यांनीही पाहिलेला नसतो.

उलुरूला आपण माला वॉक (तिथली पायवाट) करतो. माला म्हणजे छोटा हेअर-वॉलबी (कांगारूच्याच कुळातला), अनंगूंच्या कथांमधला मोठा मानाचा. तनामी वाळवंटात त्याच्या शेवटच्या दोन वसाहती उरल्या होत्या, १९८७ मध्ये एक कोल्ह्याने संपवली आणि १९९१ मध्ये दुसरी वणव्यात गेली. आधी पकडून वाढवलेले होते म्हणून वाचला, नाहीतर मेनलँडवर नावच उरलं असतं. २००५ पासून उलुरूच्या पार्कात कुंपणाच्या आत आहे, पण वॉकवर चालताना दिसत नाही, गाइडला त्यावरून बोलू नका. न्यूहेवन अभयारण्यात तर मांजर चढू नये म्हणून ४४ किलोमीटरचं कुंपण घातलंय, आतली मांजरं माग काढून पकडायला तिथलेच मूळचे वार्लपिरी लोक होते. तिथे आपली टूर जात नाही, फार आत आहे.

मग बघायचे कुठे? ॲलिस स्प्रिंग्स डेझर्ट पार्कच्या नॉक्टर्नल हाउसमध्ये (रात्री फिरणाऱ्या प्राण्यांचं दालन). आत दिवसाही अंधार असतो, डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं द्या, मोबाइलचा फ्लॅश बंद, काचेवर टकटक नको. बिल्बी तिथेच भेटेल. पार्कची रात्रीची गाइडेड टूर आपल्या पॅकेजमध्ये नाही, हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आयत्या वेळी जागा मिळेलच असं नाही.