प्रेमाने सत्याला धरून

ख्रिस्ती आचारविचारातील एक संकल्पना. खरे ते दडवायचे नाही आणि ज्याला सांगायचे त्याला तोडायचेही नाही, ही दुहेरी जबाबदारी तिच्यात येते. हे शब्द बायबलच्या नव्या करारातील, इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या इफिसकरांस पत्रातले (४:१५). मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘सत्य’ या शब्दापासून बनलेले एकच क्रियापद आहे. त्याचा अर्थ खरे बोलणे असा होतो, तसाच खरेपणाने वागणे असाही. ‘सत्याला धरून’ हा मराठी बायबलमधला शब्दप्रयोग दोन्हींना पुरतो. हे क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच भेटते. ‘मी तुम्हांला खरे सांगतो म्हणून तुमचा वैरी झालो काय?’ असे आरंभकाळातला ख्रिस्ती प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात विचारतो तिथे (४:१६).

प्रवचनांत सत्य आणि प्रेम यांना हमखास तराजूच्या दोन पारड्यांत बसवतात. ही उपमा फसवी आहे, कारण तिच्यामुळे एक वाढवायचे तर दुसरे घटवावे लागते असे वाटू लागते. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त अनुग्रह आणि सत्य दोन्हींनी परिपूर्ण आहे, निम्मा-निम्मा नव्हे (१:१४). करिंथकरांस पहिल्या पत्रात तर सत्याचा आनंद मानणे हे प्रीतीचेच लक्षण सांगितले आहे (१३:६). व्यवहारात पेच पडतो तो किती खरे सांगावे याचा नसतो. कोणी, कोणाला, कोणादेखत सांगावे याचा असतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाने (१८:१५–१७) त्याची रीतच घालून दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचे. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचे, आणि तरीही नाही तरच गोष्ट मंडळीपुढे मांडायची. गावात बोभाटा आधी आणि भेट नंतर, हा नेहमीचा क्रम इथे उलटा केला आहे. शेवटी न ऐकणाऱ्याला जकातदारासारखे, म्हणजे तेव्हा समाजाने दूर ठेवलेल्या करवसुली करणाऱ्यासारखे, समजावे असे म्हटले आहे. मात्र त्याच शुभवर्तमानात येशू जकातदारांच्या पंक्तीला बसतो, हे विसरून चालत नाही.

पौलाने अंत्युखिया शहरात हा क्रम पाळलेला दिसत नाही. परजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमेहून यहुदी माणसे येताच त्यांच्या भीतीने पंक्तीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले (गलती. २:११–१४). चूक चारचौघांत झाली होती आणि दुखावलेले लोक समोर होते, हे त्याचे कारण असावे. उलट बाजूचा इशारा खुद्द इफिसच्याच मंडळीला मिळाला. खोट्या प्रेषितांना पारखून उघडे पाडल्याबद्दल नव्या करारातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात तिची वाखाणणी आहे, आणि लगेच पुढे पहिली प्रीती सोडल्याचा ठपका (२:२–४).

प्रेमाच्या नावाखाली सक्ती कशी शिरते हे चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्या बाबतीत दिसते. ‘प्रीती कर, मग हवे ते कर’ हे त्याचे वाक्य घरात टांगण्याजोगे वाटते. पण ज्या प्रवचनात ते येते, तिथेच तो सांगतो की बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा त्याला गोंजारतो. मुख्य चर्चपासून फुटून निघालेल्या डोनाटसपंथीय ख्रिस्ती लोकांना राजसत्तेच्या बळावर परत आणण्याला त्याने पाठिंबा दिला, त्यामागे हाच विचार होता.

दुसऱ्या टोकाला नाझीविरोधी जर्मन धर्मपंडित दीट्रिख बोनहोफर. नाझींच्या तुरुंगात लिहिलेल्या एका अपूर्ण निबंधात त्याने वर्गातले दृश्य उभे केले आहे. तुझा बाप दारू पिऊन घरी येतो ना, असे शिक्षक सगळ्यांसमोर मुलाला विचारतात. ते खरे असते. मुलगा नाही म्हणतो. बोनहोफरच्या मते तो प्रश्नच शिक्षकांच्या अधिकारातला नव्हता आणि मुलाचा नकार त्या प्रश्नापेक्षा सत्याच्या जवळचा होता. कोणतेच खोटे समर्थनीय न मानणाऱ्या ऑगस्टीनला हे पटले नसते.

मराठीतले ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक माता. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तापासून खाण्यापिण्यापर्यंत दोघींचे वाजत राहिले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा जास्त काय आहे, असे रमाबाईंनी विचारले. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, असेही त्यांनी १८८५ मध्ये स्वच्छ कळवले. जेराल्डीनबाईंना ते गर्वाचे बोल वाटले. तरी रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या, आणि लेक मनोरमेला शिकायला त्यांच्याकडेच ठेवले. हा पत्रव्यवहार, त्यातल्या वादांसकट, जेराल्डीनबाईंनीच संकलित केला; महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.